न कळण्याची किंमत

मागच्या सर्व्हिसिंगचं बिल अजून माझ्या टेबलावर आहे. १८,६४० रुपये. गाडी सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, वर्षाला जेमतेम दहा हजार किलोमीटर फिरणारी. बिलावर सतरा ओळी आहेत आणि खाली माझी सही आहे. सही करताना त्यांतल्या किती ओळी वाचल्या होत्या, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच: शेवटची, बेरजेची.

घरी आल्यावर चिडचिड व्हायला लागली म्हणून ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. त्यात एक तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचं आणि काय बदलायचं. तो तक्ता आणि बिल शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक ओळ जुळवत गेलो. कंपनीने स्वतः छापलेल्या तक्त्याप्रमाणे या खेपेला जे करणं गरजेचं होतं, त्याची बेरीज ७,२०० रुपये भरली. उरलेल्या ११,४४० रुपयांत इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग (म्हणजे इंजिनाला बाहेरून चकाकी आणणारा फवारा), एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, आतल्या सीटांची धुलाई आणि हेडलाइटचं पॉलिश. गाडीला यांतल्या एकाही गोष्टीची तक्रार नव्हती. तक्रार नसताना औषध घेणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते सांगायला नको.

आणि त्या ७,२०० मधलीही एक वस्तू बदललेली नव्हती. बिलावर एसीचा केबिन फिल्टर होता. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघतो, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. काढून पाहिला. त्याच्या घड्यांमध्ये आमच्या पार्किंगवरच्या गुलमोहराची वाळलेली बारीक पानं नीट रचून बसली होती. नवा फिल्टर चार दिवसांत एवढी पानं खात नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, लुटारू आहेत सगळे. हे वाक्य मीही म्हणून झालेलं आहे, आणि त्यानेच या लेखाची सुरुवात करायचा मोह होता. पण दुसऱ्या दिवशी मी बिल घेऊन परत गेलो तेव्हा तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, पंचविशीतला मुलगा, आधी थोडा गडबडला, फिल्टर बदलून दिला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, आम्हाला महिन्याचं टार्गेट असतं. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी नसतं लावलं." हे ऐकून माझा राग उतरला नाही, पण त्याचा पत्ता बदलला. तो मुलगा खरं बोलत होता. त्याने मला प्रत्येक ओळ वाचून दाखवली होती. मी काचेपलीकडच्या थंड खोलीत फुकटची कॉफी पीत "हो हो, करून टाका" म्हणालो होतो. का म्हणालो? कारण "हे म्हणजे काय असतं?" हा प्रश्न विचारायची मला लाज वाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे: गाडीवर आपण जो जास्तीचा पैसा घालवतो, तो बहुतांशी या लाजेचा पैसा आहे. आपल्या सुशिक्षित वर्गाने गाडीबद्दल काहीही माहीत नसणं ही प्रतिष्ठेची गोष्ट करून ठेवली आहे. "मला बाबा त्यातलं काही कळत नाही" हे आपण कौतुक करून घेण्याच्या सुरात म्हणतो. घरानंतरची आयुष्यातली सगळ्यात महाग खरेदी जिची आहे, तिच्याबद्दल. आणि मग खर्च वाचवायला निघतो तेव्हाही त्याच अज्ञानाच्या पोटातून निघतो. म्हणून आपली उधळपट्टी जितकी आंधळी, तितकीच काटकसरही आंधळी असते.

काटकसरीपासून सुरुवात करू. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे महाभाग आजही दिसतात. काहीजण तर अभिमानाने सांगतात की इतक्या वर्षांत एवढं पेट्रोल वाचवलं. कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळात या समजुतीला थोडा तरी आधार होता. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन जवळजवळ बंदच करतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावं लागतं. म्हणजे हा गृहस्थ पेट्रोल जास्त जाळतो आणि वर इंजिनाचा ब्रेक गमावून सगळा भार ब्रेकवर टाकतो. ब्रेक सतत दाबून तापले की त्यांची पकड कमी होते. चावी फिरवून इंजिनच बंद करणारा तर आणखी पुढचा: त्याच्या ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत आणि पॉवर स्टीअरिंग, दोन्ही जातात. वीस रुपयांच्या काल्पनिक बचतीसाठी मागच्या सीटवरची मुलं पणाला लावायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

तसंच सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं "गरम करणं". तेही कार्बोरेटरबरोबर संपायला हवं होतं. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा. तसंच महागडं "पॉवर" पेट्रोल. ऑक्टेन आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ती क्षमता आहे. तुमच्या इंजिनाला साधं पेट्रोल चालतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल, तर जास्त ऑक्टेनचे पैसे धुरात गेले. नायट्रोजनची हवा घ्या, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे लक्षात ठेवून घ्या. टायरला हवं असतं ते योग्य प्रेशर. ते किती, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं आणि टायर थंड असतानाच मोजायचं असतं. हवा कमी असेल तर पेट्रोल जास्त जातं, टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात आणि वेगात टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. हवा मोजायचा गेज काही शे रुपयांना मिळतो. माझ्या ओळखीत इंजिन ड्रेसिंग करून घेणारे पुष्कळ आहेत. गेज असणारे दोघं.

आता मोठ्या रकमेकडे येऊ, कारण आपण बोलतो सतत पेट्रोलबद्दल आणि पैसा जातो दुसरीकडेच. दहा लाखांची गाडी धरा. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना घसाऱ्याचा जो ठरलेला तक्ता वापरतात, त्यात वर्ष पुरं होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के किंमत उतरते. म्हणजे पाच वर्षांत पाच लाख, वर्षाला सरासरी एक लाख. आता पेट्रोल: वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर, शंभर रुपये लिटर धरलं तर सुमारे ६६,६०० रुपये. तर ज्या पेट्रोलच्या भावावर आपण रोज चर्चा करतो, त्याच्यापेक्षा दीडपट पैसा गाडी नुसती जुनी होण्यात जातो. त्याचं बिल कोणी देत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष कोणत्याही शोरूमला आवडणार नाही: सगळ्यात मोठी बचत गाडी जास्त वर्षं वापरण्यात आहे. ती गाडी पाच वर्षांनी विकली तर वर्षाला एक लाख. बारा वर्षं वापरून शेवटी लाखाला विकली तरी वर्षाला ७५,०००, आणि मधल्या काळात नव्या कर्जाचं व्याज नाही ते वेगळंच. पण आपल्याकडे सातव्या-आठव्या वर्षी चाळीस हजारांचं काम निघालं की घरात वाक्य उच्चारलं जातं: "आता खर्च काढायला लागली, काढून टाकू." त्या चाळीस हजारांना घाबरून आपण अशी गाडी घेतो जिची किंमत त्याच तक्त्याप्रमाणे पहिल्या वर्षातच दीड लाखाने उतरते. हिशेब शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे. आपल्याला जमत नाही, कारण चाळीस हजारांचं काम खरंच गरजेचं आहे का, आणि त्यानंतर गाडी किती वर्षं चालेल, हे कळण्याइतकीही आपली गाडीशी ओळख नसते. वर पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते हा समज. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हे बंधन दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशासाठी आलं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून, खाजगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करता येते.

विम्याचंही तसंच. बंपरला ओरखडा आला, सहा हजारांचं काम आहे. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "क्लेम करा सर, तुमच्या खिशातून काही जात नाही." जातं. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते. ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असते. समजा हा प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात, म्हणजे भरता ६,०००. एक क्लेम केला की सवलत शून्यावर येते आणि पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. पाच वर्षांत तुम्ही जास्तीचे भरता ६,००० अधिक ३,६०० अधिक ३,००० अधिक १,८०० अधिक ६००, म्हणजे १५,००० रुपये. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरून. तो दरवर्षी थोडा उतरला तरी सहा हजारांसाठी हा सौदा तोट्याचाच. ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. गाडी बदलली तरी ती तुमच्याबरोबर येते, हेही किती जणांना विकताना आठवतं?

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी का मारता? कंपन्यांनी बाजारच असा बांधला आहे की बाहेर जायची सोय नाही. खरं आहे, आणि हे सरकारी कागदावर नोंदलेलं आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी होऊन २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. ठपका असा की सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, दोष शोधण्याची यंत्रं आणि माहिती स्वतंत्र गॅरेजना द्यायची नाही, आणि बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल अशी भीती घालायची. आयोगाने स्पष्ट सांगितलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी. कंपन्या वरच्या न्यायालयांत गेल्या आणि प्रकरण रेंगाळलं. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने "दुरुस्तीच्या हक्का"साठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश केला आणि एक पोर्टलही काढलं.

पण हा हक्क मागणार कोण? बोनेट कुठून उघडतं हे ज्याला ठाऊक नाही, तो सुट्या भागांच्या मक्तेदारीवर रस्त्यावर उतरेल, ही अपेक्षा कोणी करू नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी प्रचंड बहुमताने कौल दिला. तिथे स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्यांची आणि गल्लीतल्या गॅरेजवर विसंबणाऱ्यांची संख्या मोठी होती. आपल्याकडे तो मतदार तयारच झाला नाही. कंपन्यांनी कुंपण घातलं हे खरं. पण आतून कडी आपण लावली.

ही कडी कुठे आहे, ते मला एका वेगळ्याच प्रसंगी दिसलं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एसी गार हवा देईना. मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, २७,००० रुपये. तेवढे पैसे त्या महिन्यात नव्हते, म्हणून आमच्या मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. एका शटरचं गॅरेज, बाहेर रस्त्यावरच काम. त्याने गाडी सुरू ठेवून बोनेटखाली कान लावला, मग फ्यूजचा डबा उघडला, एसीचा छोटा रिले उपटला आणि त्याच्या जागी हॉर्नचा रिले बसवला. दोन्ही एकसारखेच असतात. कट्ट आवाज आला, कॉम्प्रेसर सुरू. "रिले गेलाय, दादा. नाना पेठेतून आणा, दोन-अडीचशेला मिळेल." मजुरी विचारली तर म्हणाला पाचशे. आणि मी म्हणालो, "दोन मिनिटांचं तर काम आहे." त्याने तीनशे घेतले आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

२७,००० रुपयांवर मी घासाघीस केली नव्हती. छापील बिलावर घासाघीस करणं आपल्याला असभ्य वाटतं. १८,६४० वर केली नाही. केली ती पाचशेवर, जो पैसा सगळ्या व्यवहारात एकटाच खऱ्या ज्ञानाचा होता. मी फवाऱ्याला पैसे मोजले, चकाकीला मोजले, कॉफीला मोजले, आणि निदानाला मोजताना मला दोन मिनिटं आठवली. डॉक्टरने दोन मिनिटांत नाडी पाहिली तर आपण असं म्हणत नाही. फरक काय? डॉक्टरचे हात पांढरे असतात. लिहिणारे हात आणि काळे होणारे हात यांच्यातली आपल्या समाजाची जुनी उतरंड आपण लेखांमधून, भाषणांमधून निकालात काढलेली असते. गॅरेजच्या दारात ती तशीच उभी असते. "मला त्यातलं कळत नाही" या वाक्यात जो मोठेपणा असतो, तो तिथूनच येतो. "त्यातलं" कळणं हे दुसऱ्या कोणाचं काम आहे, असा त्याचा अर्थ असतो.

मला गल्लीतल्या मेकॅनिकची आरती ओवाळायची नाही. त्यांच्यातही फसवणारे आहेत. कंपनीच्या खोक्यात डुप्लिकेट भाग घालणारे आहेत, आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ऑइल लिहिलेलं असताना सगळ्या गाड्यांना एकाच पिंपातलं घट्ट ऑइल पाजणारेही आहेत. जुना काळ सोन्याचा होता असंही म्हणायचं नाही. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरवाले वडील लोक प्लग घासत, पॉइंट लावत, कारण नाही लावले तर गाडी ऑफिसला पोचत नसे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि बोनेट उघडायची सक्ती संपली, हे चांगलंच झालं. पण सक्ती संपली म्हणून ओळखही संपायला हवी होती असं नाही. मोठं वर्कशॉप असो की गल्लीतलं शटर, न कळणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडे सारखाच धोका आहे. चांगल्या मेकॅनिकचं नुकसान तर दुहेरी: त्याचं चांगलेपण ओळखू शकेल असं गिऱ्हाईकच त्याला मिळत नाही, मग तोही फवारे विकायला लागतो.

"वेळ कोणाला आहे?" असं कोणी म्हणेल. मला तक्ता आणि बिल जुळवायला चाळीस मिनिटं लागली. त्यातून ११,४४० रुपये सापडले. तासाला एवढं कमावणारे वाचक असतील तर त्यांनी इथेच थांबावं.

बाकीच्यांसाठी, मी आता करतो ते इतकंच. गाडी देण्याआधी मॅन्युअलच्या तक्त्यावरून कामांची यादी स्वतः लिहितो आणि तिच्याबाहेरचं काहीही करण्याआधी फोन करा, असं जॉब कार्डावर लिहून घेतो. बदललेले जुने भाग परत मागतो. मागताना पहिल्यांदा जीभ अडखळते, नंतर सवय होते. केबिन फिल्टर आणि वायपर घरी बदलतो. महिन्यातून एकदा सकाळी टायरची हवा मोजतो. ब्रेक फ्लुइड, कूलंट, टायर आणि ब्रेक पॅड यांच्यावर एक रुपया वाचवत नाही, कारण तिथली कंजुषी रुपयांत फेडता येत नाही. मोठं काम सांगितलं तर दुसरीकडे दाखवतो आणि दाखवण्याचे पैसे देतो. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहितो. गेल्या खेपेचं बिल ६,९०० झालं. तोच मुलगा काउंटरवर होता. यादी बघून त्याने एकही ओळ सुचवली नाही, उलट म्हणाला, "सर, मागचे ब्रेक पॅड अजून पाच-सहा हजार किलोमीटर चालतील, आत्ता नका बदलू." टार्गेट त्याला अजूनही असणारच. पण कळणाऱ्या माणसाशी तो वेगळं बोलतो, इतकंच.

मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडेही आता नेहमी जातो. पहिल्यांदा परत गेलो तेव्हा त्या वेळचे राहिलेले दोनशे देऊ केले. तो हसला, म्हणाला, "राहू द्या दादा, पुढच्या कामात बघू." पुढच्या कामाचे त्याने सांगितले तेवढे दिले. आपण भाव केला नाही याचं मला समाधान वाटलं, आणि लगेच त्या समाधानाचीही थोडी लाज वाटली. कामाचे पैसे देणं हा काही पराक्रम नव्हे. इतकी वर्षं तो पराक्रम वाटत होता, हीच तर सगळी गोष्ट आहे.